चांद्याच्या घशात काय अडकलं

चांद्या पाणी पीत नव्हता. बादली पुढे केली की मान खाली घालायचा, नाकपुड्या पाण्याजवळ न्यायचा आणि घशात कुणी दोरी आवळल्यासारखा झटका देऊन मागे सरायचा. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, त्या गव्हाणीतल्या पेंढ्यावर पडून चकाकत होत्या. आणि हंबरायला लागला की ऐकवत नसे. तो त्याचा आवाज नव्हताच. घोगरा, फाटलेला, लांबत जाणारा. एखाद्या म्हाताऱ्या माणसानं दुरून हाक मारावी आणि ती अर्ध्यातच सुटावी, तसा.

सगुणा ओटीवर वाल निवडत बसली होती, पण डोळे गोठ्याच्या दारावर. पेणची मुलगी, बी.ए. झालेली, आणि निडी स्टेशनापासून आत असलेल्या ह्या गावात सून म्हणून आलेली. शकू झाल्यापासून तिचे डोळे एका जागी ठरत नसत. विहिरीचा कठडा, चुलीतलं लाकूड, दाराआडचा विळा, सगळं आधी तिला दिसायचं आणि मग तिच्यापासून शकू किती लांब आहे ते दिसायचं. सासू काशीबाई हसायची. "पोरीला डोळ्यांत घालून ठेवशील का गो?" म्हणायची.

काल दुपारी पेणहून, आजारी आईला बघून, सगुणा परत आली तेव्हा शकूच्या बोटाला हळद लावलेली होती. दाराच्या फटीत सापडलं, काशीबाईनं सांगितलं. चार वर्षांची पोर, सापडायचंच. सगुणानं बोट उलटंपालटं करून पाहिलं आणि सोडून दिलं. मग गोठ्यातून तो आवाज आला, आणि तेव्हापासून ती शकूला गोठ्याकडे फिरकू देत नव्हती.

"बाठ अडकलीय," सासरे हिरामण म्हणाले. ते गोठ्याच्या उंबऱ्यावर उकिडवे बसले होते. "वाऱ्यानं पडलेले आंबे खाल्लेन. बाठ घशात आडवी बसली."

"मग हंबरला कसा असता, काका?" कान्हू म्हणाला. शर्यतीत हिरामणची गाडी हाकायचा तो. शेजारचाच, तिशीतला, हाताला सतत काहीतरी चाळा. "मी सांगतो, घसा बसलाय. रविवारच्या शर्यतीत खांब गावच्या माळावर एक फेरी पळवला की घसा बी सुटंल आन् बाठ बी."

"मामा," सगुणा ओटीवरून म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणे. "असा आजारी बैल पळवायचा?"

कान्हूनं दात काढले. "वहिनी, तुमच्या कालेजात बैलांचं बी शिकवत व्हते काय?"

हिरामण हसले नाहीत. ते नुसते चांद्याकडे बघत होते. कपाळावर पांढरा ठिपका असलेला हा गोऱ्हा त्यांनी स्वतः वाढवला होता. आई मेली तेव्हा कापडाच्या बोळ्यानं दूध पाजलं होतं. घरात गोविंदाला, त्यांच्या मुलाला, कधी नवा सदरा आला नाही असं वर्ष गेलं असेल, पण चांद्याला शर्यतीच्या आधी लोणी आणि अंडी चुकली नाहीत.

गेल्या वर्षीची शर्यत सगुणानं पाहिली होती. कडेवर शकू, आणि सगळा माळ ओरडत असलेला. कान्हू गाडीवर उभा होता. त्याच्या हातातल्या काठीच्या, पराणीच्या, टोकाला कापडात गुंडाळलेला खिळा होता, आणि शेवटच्या पल्ल्यात त्यानं वाकून चांद्याचं शेपूट दातांत धरलं होतं. चांद्या पहिला आला. लोकांनी गुलाल उधळला, तो त्याच्या पुठ्ठ्यावर पडला. गुलाल कुठे आणि रक्त कुठे, ते कळत नव्हतं. सगुणानं घरी येऊन विचारलं तेव्हा कान्हू म्हणाला होता, "अवो, बैलाची कातडी जाड असते." आणि हिरामण म्हणाले होते, "तो माझ्या आवाजावर धावतो, गो. खिळा आपला रिवाज म्हणून."

आज तोच बैल भिंतीला डोकं घासत होता. चुना पडत होता.

शनिवारी सकाळी गोविंदा रोह्याच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून आला तो ढोरांच्या डॉक्टरला स्कूटरवर मागे बसवूनच. सगुणानंच त्याला आदल्या दिवशी जाताना सांगितलं होतं, हळूच, दाराशी. डॉक्टर उतरले, गोठ्यापाशी गेले आणि दारातच थांबले. आत गेले नाहीत. बराच वेळ बघत राहिले. चांद्यानं त्यांच्याकडे मान वळवली, मागचा एक पाय मुडपला, सावरला आणि एकदम दाव्याला हिसडा दिला. डॉक्टर दोन पावलं मागे आले.

"कुणी तोंडात हात घातलाय?"

हिरामणनी कान्हूकडे बघितलं.

"मी विचारतोय ते नीट ऐका. ह्याच्या तोंडात कुणी कुणी हात घातला?"

"मी," हिरामण म्हणाले. "बाठ बघायला."

"आणखी?"

"नाय."

कान्हू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. काशीबाई पदर डोक्यावरून पुढे ओढून आत निघून गेली. सगुणाला दोन्ही दिसलं, पण त्या क्षणी तिच्या मनात एकच गोष्ट होती. फक्त मामांनी. म्हणजे शकू नाही.

डॉक्टर आता चांद्याच्या मागच्या पायाकडे बघत होते. "ह्या जखमा?"

"शर्यतीच्या, सरावाच्या," कान्हू म्हणाला.

"सगळ्या?"

"व्हय."

"ही बघा. हे समोरासमोर दात दिसतात. वरचे दोन, खालचे दोन. खिळ्याला जबडा नसतो."

शिमग्याच्या आधी बांधावर एक कुत्रा पोरांनी दगडांनी मारला होता. तोंडाला फेस आलेला. त्यानं कुणाला चावलं का, ह्याची गावानं चौकशी केली, सगळ्या माणसांचे पाय बघितले. चांद्याचा पाय कुणी बघितला नाही. बघितला असता तरी काय दिसणार होतं? त्या पुठ्ठ्यावर आणि पोटरीवर इतकी भोकं होती, की चार दातांचे व्रण त्यात सहज मिसळून गेले.

हिरामणनी डॉक्टरांचं ऐकून मान हलवली. मग म्हणाले, "बाठ हाय ती."

"बाठ नाही, हिरामणभाऊ. पिसाळलाय तो. पूर्ण खात्री मेल्यावर मेंदू तपासल्याशिवाय होत नाही, पण मी तुम्हाला तोवर थांबायला सांगणार नाही. तुम्ही आज रोह्याच्या दवाखान्यात जा. पोटातली इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि ह्याला..." डॉक्टर थांबले. "ह्याचे आता दोन-तीन दिवस. फार वाईट दिवस असतात ते. पाय जातात, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. मी इंजेक्शन देऊन सोडवू शकतो. आधी झोपेचं, मग दुसरं. पण तुम्ही हो म्हटलं पाहिजे."

"मारू?" हिरामण उठून उभे राहिले. "ज्याला बोळ्यानं दूध पाजलं त्याला मारू म्हणता? तो मरंल तेव्हा मरंल त्याच्या मरणानं. बैलाची हत्या मी माथी घेणार नाय."

"त्याचं मरण सुरू झालेलं आहेच. मी फक्त लांबण कमी करतो."

"नाय म्हणलं ना."

डॉक्टरांनी सगळ्यांना हात साबणानं धुवायला लावले, दाराला आडणा लावायला सांगितला आणि "विचार बदलला तर निरोप पाठवा" म्हणून गेले. हिरामण दवाखान्यात गेले नाहीत. कशाला जायचं? इंजेक्शन घ्यायला गेलं की चांद्या पिसाळला हे कबूल झालं असतं.

दुपारी स्वयंपाकघरात सगुणा भांडी लावत होती. मागे फडताळापाशी शकूची खुडबुड चालली होती. सगुणानं वळून पाहिलं. लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी दोन पायांत धरून शकू बसली होती आणि तिचा हात कोपरापर्यंत बरणीत होता.

"शकू, हात काढ आधी. अडकेल."

"नाय अडकत. माझा हात बारीक हाय," शकू म्हणाली. तोंड वाकडं करून ती तळाशी चाचपत होती. "ह्यात तरी फोड हाय, आई. चांद्याच्या तोंडात कायच नव्हतं."

सगुणाच्या हातातलं ताट तिनं कुठे ठेवलं ते तिला नंतर आठवेना. ती शकूसमोर खाली बसली. आवाज चढवायचा नाही, हे तिला कळत होतं. पोर घाबरली की गप्प होते.

"हो का? तू बघितलंस का गं आत?"

"हो. आजोबा म्हणाले, आपल्या शकूचा हात बारीक, शकूच बाठ काढंल. कान्हूकाकांनी तोंड उघडून धरलं. मी इथवर घातला." तिनं बरणीतून हात काढून दंडावर बोट ठेवलं. "आत गरम गरम होतं. चांद्या चावला नाय गो. नुसती दाढ लागली." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आजीनं सांगितलंय, आईला बोलायचं नाय."

सगुणानं तिला उचललं. मोरीत नेलं. कपडे धुवायचा साबण घेतला आणि तो हात बोटांपासून काखेपर्यंत चोळायला लागली. हळद निघाली. खाली दाढेनं सोललेली चामडी होती, करंगळीच्या नखाएवढी. पाणी ओतलं, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. शकू आधी हसली, मग रडायला लागली, मग किंचाळायला लागली. सगुणा थांबेना. परवा घातलेला हात. परवा. मधे काल दिवसभर हा हात तिच्या गळ्याभोवती होता, ताटात होता, पोरीच्या स्वतःच्या तोंडात होता.

काशीबाई दाराशी आली.

"आत्या," सगुणानं सासूला विचारलं, "बोट कशानं सोललं?"

"दाराच्या..."

"आत्या!"

काशीबाई तिथेच उंबऱ्यावर बसली. "मी नको म्हणत व्हते, गो. पर त्यांचा हात आत जाईना, कान्हूचा तर पंजाच केवढा. बैल तळमळत व्हता. आम्हाला काय ठावं असलं काय असंल म्हणून? बाठच वाटली. तू पेणला गेलेलीस."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर तू चार माणसांत त्यांना बोलली असतीस." काशीबाईच्या तोंडाला पदर होता. "आन् सकाळी डाक्टरानं विचारलं तेव्हा माझी जीभच आत गेली."

सगुणाला भांडायला वेळ नव्हता. गोविंदाला झोपेतून हलवून उठवलं, एका दमात सांगितलं. तो अंथरुणावर बसून म्हणाला, "पण बैल खरंच पिसाळलाय का, ते तर..." आणि तिच्याकडे बघून वाक्य सोडलं. सदरा घालतच तो स्कूटरकडे गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शकूचा झगा वर केला. बेंबीच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवला. शकूनं आईकडे बघितलं, अजून तिला काही कळलं नव्हतं. मग कळलं. सगुणानं तिचे पाय धरले होते, आणि पाय धरता धरता तिला वाटत होतं की आपणच तिला कुठेतरी बांधून ठेवतो आहोत.

"रोज यायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. एकूण चौदा," डॉक्टर म्हणाले.

"वेळ तर नाही ना गेली?"

"आलात हे फार बरं केलंत."

गेली नाही, असं ते म्हणाले नाहीत. सगुणानं ते ऐकलं, मनात ठेवलं आणि गोविंदाला सांगितलं नाही.

रविवारी दुसरं इंजेक्शन घेऊन ती परत आली तेव्हा गाव अर्धं रिकामं होतं. सगळे खांबच्या माळावर. कान्हूनं चांद्याच्या जागी दुसऱ्याचा बैल मागून आणला होता आणि तो सकाळीच गेला होता. गोठ्यातून आता हंबरणं येत नव्हतं. दावं तुटलं होतं. धप्, मग गप्प, मग पुन्हा धप्. भिंतीचा गिलावा बाहेरच्या बाजूनंही फुगला होता.

हिरामण दारापाशी उभे होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात आडण्यावर.

"मामा!" सगुणाला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. तिनं शकूला ओटीवर ठेवलं. "आत्या, हिला आत न्या. दार लावा. मामा, तो आडणा काढू नका."

"तहान लागलीय त्याला."

"त्याला गिळता येत नाही."

"माझ्या हातून पिईल. माझा आवाज वळखतो तो." त्यांनी आडण्याला जोर दिला. आतून दाराला असा धक्का बसला की तांब्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. सगुणा ओरडली. तिला पळायचं होतं, शकूला घेऊन, पेणपर्यंत. पण ती पुढे गेली आणि दोन्ही हातांनी आडणा दाबून धरला. लाकडातून धक्के तिच्या खांद्यापर्यंत येत होते.

"तुमचा आवाज ओळखत होता, तर खिळा कशाला लावलात, मामा?"

हिरामणनी तांब्या खाली ठेवला.

"मी भांडायला नाही विचारत. मला खरंच कळत नाही. तो तुमच्यासाठी पळाला ना? तुमच्या हौसेसाठी. नको म्हणायला त्याला तोंड नव्हतं, म्हणून पळाला. आता त्याला जायचंय, आणि तेही त्याला सांगता येत नाही. तुम्हीच सांगायचं ना त्याच्या वतीनं?" तिनं आडणा आणखी दाबला. "आणि हा दरवाजा आज रात्री राहणार नाही. माझी पोर त्या भिंतीच्या पलीकडे झोपते."

"मी हो म्हणलं," हिरामण हळू म्हणाले, "तर तो माझ्या तोंडून मेला."

"हो."

धप्. त्यांनी भिंतीवर हात टेकला, जिथे गिलावा फुगला होता तिथेच. पुढचा धक्का त्यांच्या तळव्याला बसला असणार. त्यांनी हात तसाच ठेवला.

"बोलव डाक्टरला," ते म्हणाले.

गोविंदा स्कूटर काढून गेला. उन्हं कलायच्या आत डॉक्टर आले. दार उघडायचंच नाही, असं ठरलं. गोठ्याच्या खिडकीतून फासाची दोरी शिंगांवर टाकायची, ती खिडकीलगतच्या आतल्या मेढीला, खांबाला, वळसा देऊन पुन्हा खिडकीतून बाहेर काढायची आणि बाहेरून ओढून डोकं मेढीला घट्ट आणायचं. ओढायला तीन माणसं हवी होती. गावात म्हातारे आणि बायका उरल्या होत्या.

"मी धरते," सगुणा म्हणाली. तिनं पदर खोचला.

हिरामणनी खिडकीतून हाक मारली. "चांद्या! ये, ये बाबा, चांद्या!" शर्यतीआधी मारायचे तीच हाक. सगुणाला वाटलं होतं, तो क्षणभर तरी ऐकेल. त्यानं ऐकलं नाही. लाल, कोरड्या डोळ्यांनी त्यानं आवाजावर धडक घेतली. खिडकीची चौकट हलली, लाळ उडाली, आणि हिरामणचा आवाज बंद झाला. तेवढ्यात फास पडला. "ओढा!" हिरामण आणि गोविंदाबरोबर सगुणा मागे रेलली. दोरी तळव्यातून सरकत होती, जळत होती. चार हातांवर, भिंतीच्या आत, तो श्वास ऐकू येत होता. करवत अडकावी तसा. सोडली तर काय होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती डोळे मिटून ओढत राहिली.

डॉक्टरांचा हात खिडकीतून आत गेला. पहिली सुई. दोरीवरचा ताण हळूहळू वजनात बदलला. मग नुसतं वजन राहिलं. मग डॉक्टर दार उघडून आत गेले, दुसरी सुई दिली, थांबले, वाकून डोळ्याला बोट लावलं.

"झालं."

"दुखलं त्याला?" हिरामणनी विचारलं.

"पहिली सुई टोचली तेवढं."

"एवढंच?" ते गोंधळून बघत होते. "मला वाटलं लय वेळ जाईल."

सोमवारी सकाळी सगुणा शकूला घेऊन बाहेर पडली. गोविंदाची पहिली पाळी होती, म्हणून पॅसेंजरनं जायचं होतं. ओटीवर हिरामण धुतलेला सदरा घालून बसले होते. ते उठले आणि मागोमाग चालायला लागले.

"आजोबा, तुम्ही बी?" शकू म्हणाली. "पोट घट्ट नाय करायचं हां. घट्ट केलं की जास्त दुखतं."

"बरं," हिरामण म्हणाले.

कान्हूच्या घरापाशी ते थांबले. अंगणात कान्हू घोंगडीवर आडवा पडला होता, केसांत कालचा गुलाल तसाच. ओटीवर, अंगणात चार शेजारी शर्यतीच्या गप्पा मारत बसले होते.

"कान्हू, ऊठ."

"काका!" कान्हू उठून बसला. "दुसरा नंबर काढला बघा. चांद्या असता तर पहिला व्हता आपला. मागून आणलेल्या बैलाला पराणी लावून लावून..."

"चांद्या पिसाळलेला व्हता," हिरामण म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काल डाक्टरकरवी मी त्याला मारला. शकूचा हात त्याच्या तोंडात मीच घालायला लावला. आन् जबडा तू धरला व्हतास. सदरा घाल. चल."

कान्हू आधी हसला, मग त्यानं आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. गाडीच्या दोरांनी सोललेले तळवे. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती आणि तीही त्याच तळव्यांकडे बघत होती.

"कितीदा घ्यायची असतात?" कान्हूनं विचारलं. आवाज पोरासारखा बारीक झाला होता.

सगुणानं शकूचा हात घट्ट धरला होता, आणि स्टेशनाच्या बाजूला कान लावला होता. ही गाडी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नव्हती.

"वाटेत सांगते," ती म्हणाली. "आधी चला. मामा, गाडी येतेय. चला."